गावच्या कब्रस्तानाची मोजणी: एका पाळकाचा उन्हाळा

आमच्या गावातल्या ख्रिस्ती कब्रस्तानाची सरकारी मोजणी झाली, हद्दीच्या नकाशाची ‘क’ प्रत हाती आली आणि चारही कोपऱ्यांवर खांब उभे राहिले. नागपूर जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत आमच्यासारख्या पंधरा-वीस घरांच्या मंडळ्या आहेत. तिथलं कब्रस्तान आजोबा-पणजोबांपासून वापरात असतं, पण त्याचा कागद कुणाकडे आहे, मुळात आहे का, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. काम कुठून सुरू करायचं हे कळत नाही म्हणून ते राहून जातं. म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

मी या मंडळीचा पाळक. गाव नागपूरपासून बसने तास-दीड तासावर, संत्र्याच्या पट्ट्यात. मंडळीतले बहुतेक जण शेतमजूर, काही शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त कंपाउंडर. जवळच्या दोन गावांच्या उपासनाही माझ्याकडेच आहेत.

१४ मार्चला मंडळीतल्या सगळ्यांत वयस्क आजी गेल्या. आमच्याकडची काळी माती मार्चमध्येच तडकते, मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचा थर सबलीशिवाय फुटत नाही आणि खाली गेलं की मुरूम लागतो. म्हणून पोरांनी रात्रीच जागेवर दोन ड्रम पाणी ओतून ठेवलं आणि पहाटे पाचला खोदायला घेतलं. उजाडलं तेव्हा दिसलं की शेजारच्या वावरात पऱ्हाट्या उपटून उन्हाळवाही झाली आहे, आणि नांगराचं तास एका जुन्या थडग्याच्या उशाला घासून गेलं आहे. थडग्याची एक वीट उलटून तासात पडली होती. आजींच्या मुलाने ती उचलली, हाताने पुसली आणि परत जागेवर बसवली. बोलला काही नाही.

संध्याकाळी मात्र चर्चच्या ओट्यावर सगळे बोलले. कुणी म्हणालं, उद्याच जाऊन विचारू. कुणी म्हणालं, पोलिसांत अर्ज देऊ. मला भीती वाटत होती ती वेगळीच. गावात आमची घरं थोडी. याच वावरांत आमची माणसं मजुरीला जातात, त्याच विहिरींचं पाणी पितात. हद्दीवरून एकदा शब्दाला शब्द लागला की तो दोन पिढ्या पुरतो. शेवटी मी एवढंच मागितलं की कागद हातात येईपर्यंत कुणी त्या शेतकऱ्याकडे जाऊ नये. सगळ्यांनी ते ऐकलं, याचं समाधान मला आजही आहे.

पुढचे आठवडे उपवासकाळाचे, मग पवित्र सप्ताह. त्यात दुसरं काही होत नाही. एप्रिल लागला की उपासना सकाळी साडेसातला घेतो, कारण नऊनंतर पत्र्याखाली लहान मुलं बसू शकत नाहीत. घरभेटी पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर. अकरा ते साडेचार गावात कुत्रंसुद्धा हलत नाही. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं, वाळ्याच्या ताट्या ओल्या करायच्या आणि दार लावून बसायचं. उपदेशाची तयारी, पत्रं, मंडळीचे हिशोब ही कामं मी याच वेळात करतो. यंदा त्या दुपारी कब्रस्तानाच्या फायलीत गेल्या.

ईस्टर झाल्यावर पहिलं काम सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो, त्याला फक्त गावाचं नाव आणि खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा क्रमांक लागतो. नंबर आमच्यात कुणालाच माहीत नव्हता. तो पटवाऱ्याने (इतरत्र ज्याला तलाठी म्हणतात) गावनकाशावर बोट ठेवून काढून दिला. सातबाऱ्यावर मिशनचं नाव असेल अशी सगळ्यांची समजूत होती. निघालं ‘शासन’. मंडळीतल्या एका काकांचा चेहरा पडला, म्हणाले, म्हणजे जागा आपली नाहीच का? मलाही पोटात गोळा आल्यासारखं झालं.

पटवारी तरुण मुलगा, शांत. तो म्हणाला, “पादरी साहेब, सातबाऱ्यावर मालक शोधू नका. निस्तार पत्रक काढा.”

हा भाग विदर्भातल्या मंडळ्यांनी नीट लक्षात घ्यावा. आपल्याकडे पूर्वी मालगुजारी होती, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार असे. गावातली पडीक, चराईची, मसणवट्याची जागा मालगुजाराच्या अखत्यारीत असे आणि मिशनला कब्रस्तानासाठी जागा दिली गेली ती पुष्कळदा त्याच्या शब्दावर. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि अशा जमिनी सरकारकडे गेल्या. गावाने त्या कशासाठी वापरायच्या, याची नोंद मात्र निस्तार पत्रकात होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १६१ मध्ये त्याची तरतूद आहे. तिथे खसऱ्यासमोर ‘कब्रस्तान’ लिहिलेलं असेल, तर जमीन सरकारची असली तरी तिचा वापर ठरलेला असतो. तो शब्द आमच्या खसऱ्यासमोर होता. क्षेत्र ०.४१ हेक्टर. पटवाऱ्याच्या टेबलावर तो कागद वाचताना मी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि मग झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

तरीही १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखाची, म्हणजे जमिनीवरच्या हक्कांच्या जुन्या नोंदीची नक्कल जोडावी असं पटवाऱ्याने सुचवलं. त्यासाठी नागपूर. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हाधिकारी कार्यालयात नकलेचा अर्ज दिला. अर्जात मौजा, तालुका, पटवारी हलका नंबर आणि जुना खसरा नंबर हवा. जुना आणि नवा नंबर वेगळा असू शकतो, तो आधी पटवाऱ्याकडून ताडून घ्यावा, नाहीतर नक्कल भलत्याच जमिनीची येते. खर्च किरकोळ, शंभराच्या आत. वाट मात्र बघावी लागली, नक्कल २८ एप्रिलला मिळाली. कामाला पहिल्या बसने जावं आणि दुपारच्या आत निघावं. डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, खिशात कांदा. आई कांदा द्यायची तेव्हा मी हसायचो, आता मीच मंडळीतल्या पोरांना देतो.

मिशनच्या कागदांचाही शोध घेतला. नागपुरात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ मध्ये सुरू केलं. पुढे मिशनची नावं बदलत गेली, मंडळ्या एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यामुळे जुना कागद शोधताना आजच्या नावाने शोधून भागत नाही. त्या काळी जे नाव होतं ते माहीत हवं. आमच्या कब्रस्तानाबद्दल मिशनच्या कागदांत काही मिळालं नाही, मिळाली ती फक्त दफनाची नोंदवही. ती खूप कामी आली, कारण जागेचा वापर किती जुना आहे हे तिच्यातून दाखवता आलं. पाळकांनो, दफनाची नोंदवही कोरडी ठेवा आणि तिचे फोटो काढून ठेवा. आमच्या वहीची पहिली काही पानं वाळवीने नेली आहेत.

कागद हातात आल्यावर मी एकटाच त्या शेतकऱ्याकडे गेलो. दिवेलागणीची वेळ, ते अंगणात खाटेवर बसले होते. सत्तरीचे असतील, गावात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. पन्हं आलं. मी निस्तार पत्रकाची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नातवाकडून वाचून घेतली.

“म्या काई धुरा हलवला नाई जी,” ते म्हणाले. “बापानं जसा दिला तसा वाहून रायलो. ट्रॅक्टरवाल्यानं तास जास्त घातलं असन.”

“काकाजी, मी तुमच्यावर काही म्हणत नाही,” मी म्हणालो. “सरकारी माणूस येऊन मोजू दे. तुमचं निघालं तर तुमचं.”

“माह्यं निघालं तर?”

“तर आम्ही मागे सरकू.”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी आमच्यातले एक गुरुजी त्यांना घरी बोलावून पाढे शिकवायचे, तेही तिथेच पुरले आहेत. मोजणीला मी स्वतः येतो, असं त्यांनी सांगितलं. तिथून निघताना माझे पाय हलके झाले होते.

जमीन शासनाची असल्यामुळे मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत करायचा ठरला, आणि त्याला ग्रामसभेचा ठराव हवा. १ मे ला ग्रामसभा असतेच. विषय आयत्या वेळी मांडण्यापेक्षा आधी लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घेतलेला बरा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. आम्ही तो २९ एप्रिलला घेतला.

ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी मी उत्पत्तीचा २३ वा अध्याय उपदेशाला घेतला. सारा मरण पावली आहे आणि तिला पुरायला अब्राहामाकडे जागा नाही. तो त्या देशात उपराच. हेथी लोक म्हणतात, आमच्यातली कुठलीही कबर घे. तो नम्रपणे नमतो, पण फुकट घेत नाही. गावच्या वेशीत, सगळ्यांसमोर, ४०० शेकेल रुपं, म्हणजे चांदी, तोलून देतो. मग शेत, गुहा आणि शेताच्या हद्दीतली झाडं असं सगळं त्याच्या नावे कायम होतं. हा अध्याय मी याआधी कितीतरी वेळा वाचला होता. झाडांची आणि हद्दीची नोंद पवित्र शास्त्रात का आली असेल, हे मात्र यंदा पटवाऱ्याच्या खोलीत बसून आल्यावर मला उमगलं. उपदेश संपल्यावर एका बाईंनी विचारलं, म्हणजे ग्रामसभेला आम्हीही यायचं का? मी म्हणालो, तुम्हीच यायचं.

१ मे ला ऊन असं होतं की सभेला माणसं जमली नाहीत. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती न झाल्याने सभा तहकूब झाली. माझं मन खट्टू झालं, पण ग्रामसेवकांनी समजावलं की तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, विषय तेच राहतात. ८ मे ला संध्याकाळी शाळेच्या अंगणात सभा झाली. मंडळीतल्या बाया पुढे येऊन बसल्या होत्या. एकाने विचारलं, मोजणीचा खर्च ग्रामपंचायतीने का करावा? फी मंडळी भरेल असं मी सांगितलं. काकाजी उठून म्हणाले, “मोजून घ्या, मोकळं व्हा.” ठराव एकमताने झाला. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत तेव्हाच मागून ठेवा, दप्तर दुसऱ्या गावी गेलं की आठवडा जातो.

मोजणीचे आता दोनच प्रकार आहेत, नियमित आणि द्रुतगती. द्रुतगतीची फी नियमितच्या चौपट. नियमितला काही महिने लागतात, आणि आमच्याकडे जून मध्यावर पाऊस धरतो. एकदा पेरणी झाली की उभ्या पिकात कुणी मोजू देत नाही, चिखलात मोजताही येत नाही. म्हणून द्रुतगती घेतली. १३ मे ला ऑनलाइन अर्ज गेला, चलन निघालं १२,००० रुपयांचं. एवढे पैसे आमच्या मंडळीला सोपे नाहीत. खास दानार्पण घेतलं. संत्र्याच्या बागा ताणावर असल्या की ओलिताची कामं बंद असतात, मजुरी कमी मिळते, आणि तरीही घरटी काही ना काही आलं. नागपुरात नोकरीला गेलेल्या मुलांनी फोनवरून पाठवले. दहा-दहाच्या नोटांची एक चुरगळलेली पुडी कुणाची होती हे मला माहीत आहे. नाव लिहीत नाही.

अर्ज गेल्यावर मोजणीची तारीख येईपर्यंत हातात काही नसतं. तोवर सुट्टीतली बायबल शाळा चालली, सकाळी सात ते साडेनऊ. मुलांना गाणी, गोष्टी आणि निघताना लिंबू सरबत. मग लग्नं. मे महिन्यात वऱ्हाडाला संध्याकाळ गार म्हणून प्रत्येक घराला लग्न साडेसातला हवं असतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम १० प्रमाणे विवाहविधी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लावावा लागतो. सात वाजता इथे नुकता दिवस मावळलेला असतो, भिंती अजून भाजत असतात. मी घरच्यांना सकाळी साडेसहाची वेळ सुचवतो. यंदा एका घराने ती घेतली. नवरी पहाटेच्या उजेडात आली, कुणाला घामाची धार नाही, म्हाताऱ्यांना चक्कर नाही, आणि नऊला जेवणं आटोपली. आता आणखी दोन घरं विचारू लागली आहेत.

नोटीस आली. तारीख २९ मे, नवतपातली, म्हणजे सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली. लगतच्या सगळ्या शेतकऱ्यांना नोटीस पोचली का, हे आम्ही घरोघरी जाऊन पाहिलं. एक जण मुलीकडे वर्ध्याला होते, त्यांच्या मुलाने नोटीस घेतलेली नव्हती. त्याला समजावून घ्यायला लावली. हे आधी पाहावंच, कारण नोटीस मिळाली नाही अशी हरकत कुणी नंतर घेतली तर सगळंच लांबतं. आदल्या दिवशी झुडपं तोडून हद्दीच्या वाटा मोकळ्या केल्या, चुन्याची पोतडी, खुंट्या आणि दोन माठ पाणी नेऊन ठेवलं.

भूकरमापक सकाळी साडेसहाला आले. पूर्वी साखळी टाकून मोजत, आता रोव्हर असतो. माणसाहून उंच काठी, टोकावर पांढरी टोपी, खाली मोबाईलएवढा पडदा. काठी एका जागी धरायची, तिच्यावरचा पाण्याचा बुडबुडा मध्ये आणायचा आणि उपग्रहाशी नीट जुळणी होईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्यात सगळे गप्प. ते आकडा सांगत, पोरगं खुंटी ठोकी, मागून चुना पडे. आधी त्यांनी लांबची जुनी विहीर, पांदणीचा वळसा, दोन जुने हद्दीचे दगड पकडले आणि मग कब्रस्तानाकडे आले. पूर्वेला काकाजींची नांगरट हद्दीच्या आत आली होती, रुंदीला कुठे चार फूट, कुठे सहा. हे आम्हाला अपेक्षित होतं.

अपेक्षित नव्हतं ते दक्षिणेला निघालं. चुन्याची रेषा कोपऱ्यावरून वळली तेव्हा आमची तीन थडगी रेषेच्या बाहेर राहिली, काकाजींच्याच वावरात. कुणीतरी जुन्या पिढीत जागा पाहून पुरलं असेल. मी तिथे उभा राहिलो आणि मला काही सुचेना. मागे सरकू असा शब्द मीच दिला होता. पुरलेल्या माणसांना मागे कसं सरकवणार?

काकाजी काठी टेकत आले. थडग्यांवरची नावं त्यांनी नातवाकडून वाचून घेतली. मग भूकरमापकांना म्हणाले, “याले मी हात लावनार नाई. लिहा तसं.” भूकरमापकांनी त्यांचा जबाब नोंदवला, आणि मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही, तेवढं तुमच्यात ठरवा, असं सांगितलं. त्याच आठवड्यात काकाजींनी ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून दिलं की ती तीन थडगी आहेत तिथे राहतील आणि नातेवाइकांना येण्याजाण्याला आडकाठी नसेल. पूर्वेकडची पट्टी त्यांनी पेरणीआधी सोडली. मंडळीने त्यांच्या बांधावर निघालेली काटेरी झुडपं उपटून दिली, ते श्रमदान दोन सकाळी चाललं.

सगळीकडे असं होईल असं नाही. मोजणी मान्य नसेल तर शेजारी निमतान्याची, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागू शकतो, आणि सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण निघालं नाही तर ग्रामपंचायत किंवा तहसीलदारांकडे जावं लागतं. तिथे वेळ जातो. म्हणून मोजणीआधी शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसणं मला अर्जाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

नकाशाची ‘क’ प्रत मिळायला मात्र त्रास झाला. तालुक्याच्या कार्यालयात आज या, उद्या या होत राहिलं. ज्यांच्याकडे फाईल ते रजेवर. शेवटी अर्ज क्रमांक, चलनाचा क्रमांक आणि मोजणीची तारीख लिहून लेखी स्मरणपत्र दिलं, पोच घेतली, आणि मग चार दिवसांत, २० जूनला प्रत मिळाली. तोंडी विचारण्यापेक्षा लेखी द्यावं, आवाज न चढवता. पाऊस तोवर सुरू झाला होता, पण चुना वाहून जायच्या आत आम्ही खुंट्यांच्या जागी सिमेंटचे खांब गाडून घेतले होते. खांब, वाळू, गिट्टी मिळून साडेचार हजार लागले, खोदकाम पोरांनी केलं.

आता कुंपणाचा विषय आहे. दहनभूमी-दफनभूमीच्या कामांसाठी ग्रामपंचायतींना जनसुविधा योजनेतून अनुदान मिळतं. निस्तार पत्रक, ‘क’ प्रत आणि ठराव जोडून प्रस्ताव पंचायत समितीत दिला आहे. सगळ्या कागदांचा एक संच चर्चच्या कपाटात, एक ग्रामपंचायतीत आणि एक काकाजींच्या घरी आहे, त्यांनी तो मागून घेतला. माझ्याकडच्या दुसऱ्या दोन गावांचंही काम सुरू केलं आहे. एका कब्रस्तानाची नोंद निस्तार पत्रकात मिळाली. दुसऱ्याची नाही, त्यासाठी बंदोबस्ताची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जमीन आकारणीची जुनी मिसल (फाईल) पाहावी लागणार आहे आणि नकलेचा अर्ज या सोमवारी देतो आहे.